आधी श्वास मोज

बस. त्या गादीवर नको, हा स्टूल घे आणि माझ्यासमोर बस. दार लोटून घे. बाहेर दोन बाया थांबल्यात, त्यांना मी सांगून ठेवलंय की माझं बोलणं होईपर्यंत हा कोणाला हात लावणार नाही. फोन उलटा ठेव. आणि मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. आठवीच्या वर्गात बोलू देत नव्हते, आजही देणार नाही.

बुधवारी रात्री साडेआठला मी त्या पोराच्या घरी होते. कोणतं पोर, ते तुला सांगायला नको. त्याची आजी मला बाजारातून परतताना रस्त्यात भेटली. म्हणाली, "बाई, पोराला हातवाल्याकडे दोनदा नेलं, पण दूध ओढत नाही." हातवाला. देडतलाईत तुझं हे नाव पडलंय. मी भाजीच्या पिशवीसकट तशीच तिच्या मागे गेले. पाच महिन्यांचं पोर गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. गोधडी काढली, झबलं वर केलं. नाकपुड्या फुलत होत्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता, पोट वर यायचं आणि छाती आत जायची. घशातून कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता. आजीला मोबाइलचा उजेड धरायला लावला, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि पूर्ण एक मिनिट त्याचं पोट मोजलं. बहात्तर.

आता नीट ऐक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४०. खोकणाऱ्या मुलाचा श्वास या आकड्याला पोचला की न्यूमोनिया समजायचा. छाती आत ओढली जात असेल, मूल दूध पीत नसेल, तर विचार करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे मी तुला शिकवलं नव्हतं, आपल्या पुस्तकात नव्हतं. पण आपल्या गावच्या आशाताईला येतं. ती आठवी शिकलेली आहे. तू बी.एस्सी. आहेस.

तिला फोन केला, तिने १०८ बोलावली. पोर वाचलं. ऑक्सिजन लावावा लागला, शिरेतून औषध गेलं, तिसऱ्या दिवशी ते आईचं दूध ओढायला लागलं. म्हणून मी आज तुझ्याकडे आलेय. ते वाचलं नसतं तर मी इथे आले नसते, पोलीस ठाण्यात गेले असते.

सोमवारी तू त्याच्या छातीवर वीस मिनिटं हात धरलेस. मंगळवारी पुन्हा वीस मिनिटं. आजी सांगत होती, तुझे हात गरम लागत होते आणि पोर हाताखाली गप्प झालं, म्हणून तिला वाटलं उतार पडतोय. अरे, ते गप्प का झालं? दमलं होतं ते. श्वास घेता घेता थकलेलं मूल रडायचं सोडून देतं. तू त्या गप्प होण्याला काय म्हणालास? "ऊर्जा घेतली त्याने." हे तुझे शब्द, आजीने मला जसेच्या तसे सांगितले. आजारी मूल एकाएकी गप्प झालं की आईबापाला बरं वाटतं, ते साहजिक आहे. पण ज्याने उपचार करतो म्हणून मुलाला हात लावलाय, त्याच्या पोटात त्या शांततेने गोळा यायला हवा. तुझ्या पोटात आला नाही, कारण तू पोराकडे पाहत नव्हतास, तुझे डोळे मिटलेले होते.

डोळे मिटलेले. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

आता तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, कारण मागच्या महिन्यात दुकानासमोर तू मला तेच ऐकवलं होतंस. "बाई, भुमका विळा तापवून पोराच्या पोटावर चटके देतो. मी काय करतो? मी तर नुसता हात धरतो. माझ्याने कोणाचं काय वाईट होणार?" त्या दिवशी मी हसून पुढे गेले. चूक केली, तेव्हाच थांबायला हवं होतं.

भुमका, पडियार आणि त्यांचा डंबा, म्हणजे हे चटके, यांच्याबद्दल मी तुझ्याइतकीच चिडते. आपल्या सीमेपलीकडे मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २०२५ च्या फेब्रुवारीत २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे ६५ चटके दिले गेले. आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यात, २०२३ साली तीन महिन्यांच्या मुलीला पन्नासाहून जास्त डाग दिले आणि ती गेली. ती पोरंही कशाने आजारी होती? श्वास लागला होता, पोट फुगलं होतं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी ही आजी तुझ्याकडे आली, त्याच दुखण्यासाठी दुसरी आजी भुमकाकडे जाते. चटक्याची जखम दिसते, त्यामुळे तिची बातमी होते, गुन्हा नोंदवला जातो. तुझ्या हाताखाली दोन दिवस गेले त्याची खूण पोराच्या अंगावर राहत नाही. पण न्यूमोनियाला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो दोन्हीकडे सारखाच वाढतो. पाच महिन्यांच्या पोराचे दोन दिवस म्हणजे काय, ते बुधवारी रात्री मी पाहिलं. तुला पाहायचं असतं तर सोमवारीच दिसलं असतं.

हा भिंतीवरचा तक्ता तू केलास ना? अक्षर तुझंच आहे. प्रदर्शनाच्या वेळी करायचास तसा, पट्टीने रेघा मारून, लाल शाईने मथळे देऊन. "हस्तोपचारांची तुलना." रेकी, प्राणिक हीलिंग, थेरप्युटिक टच आणि शेवटी, सगळ्यात खाली, "गावठी झाडफूक". कोणता प्रकार कुठून आला, हात टेकवतात की अधांतरी धरतात, किती वेळ, किती बैठका. मेहनत केली आहेस, ते दिसतंय. तर मग या तक्त्यावरच बोलू.

रेकीच्या ओळीत तू लिहिलंयस, "हजारो वर्षांची प्राचीन विद्या." खोटं आहे. जपानच्या मिकाओ उसुईंनी १९२२ साली क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर उपवास केला आणि त्यातून ही पद्धत काढली, असं रेकीवालेच सांगतात. शंभर वर्षं झाली त्याला. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलातले डॉक्टर. त्यांच्याकडून शिकून हावायो टकाटा ही बाई १९३७ साली ती हवाईला घेऊन गेली आणि तिथून ती जगभर पसरली. मास्टर व्हायचं तर टकाटाबाई दहा हजार डॉलर घेत. तू दोन दिवसांचं शिबिर फोनवर केलंस आणि मास्टर झालास, हे प्रमाणपत्र मी पाहतेय, चौकटीत लावलंयस.

प्राणिक हीलिंग त्याहून नवं. फिलिपिन्सचे चोआ कोक सुई, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, त्यांचं पहिलं पुस्तक १९८७ चं. त्यात अंगाला हात लावायचा नाही. अंगापासून वीतभर वर हात फिरवून आजारी ऊर्जा झाडून काढायची आणि मिठाच्या पाण्याच्या भांड्यात झटकायची. ते भांडं मी तुझ्या कोपऱ्यात पाहिलं. थेरप्युटिक टच अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुन्झ यांच्यासोबत १९७२ च्या सुमारास सुरू केलं. नाव स्पर्शाचं, पण त्यातही बहुतेक वेळ हात कातडीपासून काही बोटं वरच असतो.

आणि मग शेवटची ओळ. गावठी झाडफूक. तिथे तू "अवैज्ञानिक" असा शेरा मारलायस. ही ओळ वाचून मला तुझी आजी आठवली.

तुझी आजी विंचू उतरवायची. विसरलास? मी नवीन नवीन इथे आले तेव्हा शाळेच्या मागे लाकडं काढताना मलाच चावला होता. तिने मला ओसरीवर बसवलं, कडुलिंबाची डहाळी घेतली आणि मांडीपासून पायाच्या बोटांपर्यंत हळूहळू ओढत आणली. दरवेळी बोटांपाशी आली की डहाळी बाजूला झटकायची. ओठ पुटपुटत होते. "उतरला का? कुठवर आला?" असं विचारत राहायची. तासाभराने मीच म्हणाले, गुडघ्याखाली आला. मग तिने मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मी पाच रुपये पुढे केले तर ती मागे सरली. पैसे घेतले की विद्या जाते, म्हणाली.

आता तूच तुझ्या तक्त्यात पाहा. अंगात काहीतरी वाईट साचलंय, हाताने ते गोळा करायचं, खाली ओढायचं, झटकायचं, मिठात टाकायचं. आजीची डहाळी आणि तुझा प्राणिक हात यांच्या चालीत काय फरक आहे? तिने मीठ चुलीत टाकलं, तू पाण्यात टाकतोस. तिचा शब्द विष, तुझा शब्द निगेटिव्ह एनर्जी. रेकी आणि प्राणिक या दोन परदेशी पद्धतींत जेवढं अंतर आहे, तेवढंही अंतर तुझ्यात आणि तुझ्या आजीत नाही. आणि तू तिला शेवटच्या ओळीत टाकून वर अवैज्ञानिक म्हणालास. तिने पाच रुपयेही घेतले नाहीत. तू एका बैठकीचे तीनशे घेतोस, बाळाच्या आजीने ते ज्वारी विकून दिले.

पण याहून मोठी चूक तक्त्यात दुसरीच आहे. एक रकाना नाही. कशावरून, हा रकाना.

कशावरून म्हणतोस की तुझ्या हातातून काही बाहेर जातं? तुला गरम वाटतं म्हणून? रोग्याला मुंग्या आल्यासारखं वाटतं म्हणून? हे प्रश्न तू विचारायला हवे होतेस, कारण ते कसे विचारायचे हे मी तुला शिकवलं होतं. आठवीत काविळीचा उतारा कोणी करून दाखवला होता? तू. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलास, वर्गाला कळू दिलं नाहीस, आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुतलेस. पाणी पिवळंजर्द झालं. पोरं ओरडली. मग तूच त्यांना समजावून सांगितलंस की कावीळ हातातून उतरली नाही, सालीतल्या रसाचा आणि चुन्याचा हा रंग आहे, भगत कसा फसवतो ते बघा. आणि काविळीचे बहुतेक रोगी तसेही काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, त्याचं श्रेय भगताला मिळतं, हेही तूच म्हणालास. त्या दिवशी मी घरी जाऊन यांना सांगितलं होतं की एक पोरगा हाताशी लागलाय.

त्या पोराने "कशावरून" विचारायचं कधी सोडलं, ते मला कळायला हवं होतं.

हा प्रश्न विचारला गेला त्याला दोनशे चाळीसहून जास्त वर्षं झाली. पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर हातातून चुंबकीय द्रव सोडून रोगी बरे करतो असं सांगत होता. रोगी थरथरायचे, बेशुद्ध पडायचे, बरं वाटलं म्हणायचे. राजाने १७८४ साली चौकशी नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, लव्हाझिए होता. लव्हाझिए कोण, ते तू मला सांगायचास, ऑक्सिजनचा धडा तुझा पाठ होता. त्यांनी काय केलं? फ्रँकलिनच्या बागेतलं एकच झाड मेस्मरच्या शिष्याकडून भारून घेतलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेलं. मुलगा एकेका झाडापाशी जास्त जास्त थरथरत गेला आणि चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. ते झाड भारलेलं नव्हतं. मुलगा सोंग करत नव्हता, हे लक्षात घे. त्याला खरोखर भोवळ आली. त्याला वाटलं म्हणून आली. तुझ्या रोग्यांच्या मुंग्या खऱ्या आहेत, तुझ्या तळहाताची ऊबही खरी आहे. त्यावरून ऊर्जा सिद्ध होत नाही.

आणि दुसरी गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते, तुझ्या वर्षीही सांगितली होती. अमेरिकेतली एमिली रोझा, चौथीतली, नऊ वर्षांची. तुझ्या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीची, थेरप्युटिक टचची, परीक्षा तिने घेतली. एक उभा पुठ्ठा, खाली दोन भोकं. उपचार करणाऱ्याने त्यातून दोन्ही हात पुढे घालायचे, तळवे वर. पलीकडे एमिली बसायची, नाणं उडवायची आणि त्याप्रमाणे त्यांच्या एका हातावर आपला हात धरायची. सांगा, कोणत्या हाताला माझी ऊर्जा जाणवते? एवढाच प्रश्न. २१ उपचारक, २८० वेळा. बरोबर उत्तरं १२३. शंभरात ४४. डोळे मिटून अंदाजाने सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ साली ते अमेरिकन डॉक्टरांच्या सर्वांत नावाजलेल्या नियतकालिकांपैकी एकात छापून आलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. या लोकांनी वर्षानुवर्षं शपथेवर सांगितलं होतं की आम्हाला रोग्याची ऊर्जा हाताला कळते. समोरच्या मुलीचा हात आहे की नाही, तेवढंही कळलं नाही.

तू म्हणशील, बाई, पण लोक बरे होतात. होतात ना. तुझी आजीही शंभरातले नव्वद विंचू उतरवायची. काळ्या विंचवाचं दुखणं बऱ्याचदा दिवसभरात ओसरतं, कोणी हात लावो न लावो. पण कोकणात लाल विंचू होता आणि त्याने पोरं मरत होती. तिथेही मांत्रिक होते, तिथेही ते उतरवत होते. महाडच्या बाजूला डॉ. हिंमतराव बावस्कर रात्ररात्र त्या पोरांच्या खाटेशी बसले. विंचू चावल्यावर घाम का सुटतो, हात गार का पडतात, फुप्फुसात पाणी का भरतं, रक्तदाब कसा वरखाली होतो, हे त्यांनी तासातासाला लिहून ठेवलं. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध इथे कामाला येतं हे त्यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. पोरं वाचायला लागली. त्यांनी पोराकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि आपलं चुकत असेल तर कळावं म्हणून लिहून ठेवलं. तुझ्याकडे वही आहे का? दाखव. ही? ही पैशांची वही आहे. कोण आलं, काय होतं, किती दिवसांनी काय झालं, कोण परत आलं नाही आणि का आलं नाही, याची एक ओळ यात नाही.

जे परत आले नाहीत ते सगळे बरे झाले, असं तू धरून चालतोस. बाळाची आजीही परत आली नव्हती.

मी हाताच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. उलट तू हाताला कमी लेखलंस म्हणून मी चिडलेय. हाताने, अंगाच्या उबेने जीव वाचतो, आणि ते मोजून, पारखून सिद्ध झालेलं आहे. कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात १९७८ साली काचेच्या पेट्या कमी पडल्या. डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणतात तिला. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एक ते एक पूर्णांक आठ दशांश किलोच्या दरम्यानची बाळं जन्मल्या जन्मल्या आईच्या छातीवर ठेवली, तर पहिल्या महिन्यातले चारांतला एक मृत्यू टळला. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत शंभरात सुमारे सोळा गेली, छातीवर ठेवलेल्यांत बारा. आपल्या भागात कमी वजनाची किती बाळं जन्मतात, ते अंगणवाडीच्या काट्यावर जाऊन बघ. त्यांच्या आयांना हे शिकवायला तुला मास्टरची पदवी लागत नाही, दीक्षा लागत नाही. एक सुती ओढणी लागते. आणि त्यात तुझे हात लागत नाहीत, आईची छाती लागते. म्हणून ते तुझ्या तक्त्यात आलं नाही का? विचार कर यावर. मी उत्तर मागत नाही.

म्हाताऱ्या माणसाचे पाय चेपलेस, त्याला झोप लागली, हे मला मान्य आहे. मरणाच्या दारात असलेल्याचा हात धरून बसलास, त्याला धीर आला, याच्यासाठी मी तुझी पाठ थोपटेन. पण त्याला ऊर्जा म्हणू नकोस, त्याचे तीनशे घेऊ नकोस, आणि पोट उडणाऱ्या बाळाला त्या रांगेत बसवू नकोस.

ही बाहेरची पाटी. मधुमेह, फिट, पक्षाघात, कॅन्सर. "फोटोवरूनही उपचार." तुला वाटतं सीमेच्या अलीकडे तुला कोणी विचारणार नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नरेंद्र दाभोलकर अठरा वर्षं त्याच्यामागे होते आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्यावर काही दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. तो कायदा धारणीच्या बाजूला आहे, आपल्या बाजूला नाही, हे खरं. पण १९५४ चा औषधी आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा अख्ख्या देशाला आहे. तुझ्या पाटीवरचे चारही रोग त्याच्या यादीत आहेत. त्यांवर चमत्काराने इलाज करतो अशी जाहिरातच करता येत नाही. पाटी आज उतरव. कोणी तक्रार केली तर म्हणून नको, ती खोटी आहे म्हणून उतरव.

मेळघाटातल्या भुमकांना तू शेवटच्या ओळीत टाकलंस. तिथल्या आरोग्य खात्याने त्याच भुमकांना बोलावून सांगितलं की तुमच्याकडे लोक आधी येतात, तर तुम्हीच त्यांना दवाखान्यात आणा. आणलेल्या रोग्यामागे त्यांना पैसे द्यायची सोयही केली. सगळे सुधारले असं मी म्हणत नाही, सिमोरीचं आताच सांगितलं. पण काही भुमका रोग्याला घेऊन स्वतः दवाखान्याच्या दारात उभे राहायला लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, तेव्हा ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लाल मणी आला की न्यूमोनिया. त्यांच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांची घरोघर जाऊन काळजी घेतली आणि तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आले. १९९९ साली ते लॅन्सेटमध्ये छापलं. आज देशभर आशाताया घरी येऊन बाळ पाहतात, त्याचं मूळ तिथे आहे. निरक्षर बाईने लाल मणी सरकवून जे केलं, ते माझ्या हाताखालून गेलेल्या बी.एस्सी.ला करता आलं नाही.

धारणी तालुक्यात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे राहिले. पहिल्या भेटीला दोन रुपये, पुढच्या भेटीला एक. त्यांनाही लोकांचा विश्वास एका दिवसात मिळाला नाही. तुला मिळालाय. लोक तुझ्याकडे आपली पोरं घेऊन येतात, कारण तू गावचा आहेस, तू कोरकूत बोलतोस, निमाडीत बोलतोस, तू त्यांच्यावर खेकसत नाहीस, तू त्यांना बसायला गादी देतोस. दवाखान्यात त्यांना हे मिळत नाही, आणि त्याबद्दल मी ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी भांडते. पण त्यांचा हा विश्वास तू कशासाठी वापरलास?

रडू नकोस. रडण्यासाठी मी आले नाही. डोळे पूस आणि ऐक, आता थोडंच राहिलंय.

रविवारी सकाळी सात वाजता शाळेत ये. पुठ्ठा मी कापून ठेवलाय, भोकं पाडलीत. नववीतली एक मुलगी नाणं उडवेल, दुसरी लिहून घेईल. वीस वेळा. तुझ्या तळहाताला कळत असेल तर मी गावासमोर तुझी माफी मागेन. नाही कळलं तर हा तक्ता तू स्वतः भिंतीवरून काढशील आणि त्या पुठ्ठ्याशेजारी प्रयोगशाळेत लावशील, म्हणजे पुढच्या आठवीला दाखवता येईल. सोमवारी आशाताईबरोबर फिरायला लागायचं. तिच्याशी मी बोललेय. महिनाभर तिच्या मागे चाल, बाळांची वजनं घे, श्वास मोज, वहीत लिही. त्या आजीचे सहाशे रुपये आजच परत कर, मी बरोबर येते.

आता ऊठ. बाहेरची ती निळ्या लुगड्यातली बाई मघापासून पोर घेऊन बसलीय आणि ते पोर मघापासून खोकतंय, मला इथे ऐकू येतंय. तुला आलं का? हे घे माझं घड्याळ. सेकंदकाटा चालू आहे. तिला आत बोलाव, पोराचं झबलं वर कर, डोळे उघडे ठेव आणि पूर्ण एक मिनिट मोज. मोठ्याने मोज, मला ऐकू येऊ दे.